रोखीचं हेल्मेट

मुरुमच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. नोकरी शोधणाऱ्या एका पोराच्या बायोडाटाच्या मी इतक्या प्रती काढल्या, की अंथरल्या असत्या तर अख्खा उमरगा तालुका झाकला असता. तो रोज पायीच यायचा, पण काखेत हेल्मेट धरून.

"गाडी कुठं उडवली, पायलट?" मी एकदा डिवचलं.

"काम सुटलं, हप्ते थकले. फायनान्सवाल्यांनी ओढून नेली."

"मंग ह्ये कशाला?"

"ह्ये रोखीनं घेतलंय, मालक. नोकरी लागली की गाडी सोडवणार."

एका सोमवारी तो हेल्मेटाशिवाय आला. नोकरी लागून गाडी सुटली, हेल्मेट तिलाच अडकवलं असेल, असं समजून मी पेढे मागितले.

"मुलाखतीला पुण्याला चाललोय," तो म्हणाला. "तिकिटासाठी इकलं."

त्यानंतर तो दिसला नाही. आता दुकानासमोर कुणी हेल्मेटवाला थांबला, की त्यानं काच वर करून चेहरा दाखवेपर्यंत माझं मशीन बंद असतं.