म्हसवडची फळी

फायबरच्या शॉपमध्ये वीस वर्षं काढली की अंगात दोन गोष्टी मुरतात. एक खाज, दुसरे किस्से. काचेची ती बारीक कुसं कॉलरमधून आत शिरतात, आंघोळ करून जात नाहीत, आणि सासुरवाडीत पंगतीला बसलं की नेमकी जागी होतात. किस्स्यांचंही तसंच. चारचौघांत बसलो की मानेपाशी वळवळायला लागतात. मग सांगावंच लागतं, काय करता!

आमचं शॉप सांगलीजवळ माधवनगरला, बंद पडलेल्या एका गिरणीच्या शेडमध्ये. ट्रॅक्टरची बॉनेटं, ट्रकचे बंपर, देवळांचे कळस आणि पुराच्या बोटी, सगळं फायबरचं. मालक आण्णा. जैन माणूस, आवाज बारीक, हट्ट जाड. दुसरे बाबू मिस्त्री, ज्यांना जगातली प्रत्येक वस्तू ट्रॅक्टरच्या बॉनेटसारखी दिसते. तिसरा मी, दिलीप. माझं डोकं जरा लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो.

शॉपमध्ये एकच नियम होता. 'होणार नाही' असं जो म्हणेल, त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त चहा मी केला. ही गोष्ट त्याच आठवड्याची.

*

सकाळची वेळ. एक पोरगी रिक्षातून उतरली. वय बावीस-तेवीस, रंग उन्हानं रापलेला. तिच्यासोबत एक गोधडी. गोधडीत सहा फुटांचं काहीतरी लांबलचक, वरून सुतळीनं तीन ठिकाणी आवळलेलं.

मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली. मीही दोन पावलं मागं सरलो. आता लपवायचं काय!

"घाबरू नका, काका," ती म्हणाली. "बसमधी बी असंच झालं."

नाव अश्विनी. गाव म्हसवड. तिथून ती पहाटेच्या बसनं निघाली होती. गोधडी सीटांच्या मधल्या वाटेत आडवी ठेवलेली. दोन म्हाताऱ्यांनी लांबूनच हात जोडले. पुढचे चारजण उठून मागं गेले. कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून हळूच खाली वाकला आणि म्हणाला, "ताई, कोण गेलं? डॉक्टरचा दाखला हाय ना?"

"आन् तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणलं, अजून गेली न्हाई, म्हणून तर सांगलीला चालवलीय!"

*

गोधडी सोडली. आत एक फळी. पांढरी, गुळगुळीत, टोकाला निमुळती. खाली माशासारखे तीन पर. आणि मधोमध आडवी चीर, अशी की दोन्ही टोकं धरली तर बिजागरीसारखी हलत होती.

"इस्त्रीचा टेबल हाय व्हय?" मिस्त्री.

"सर्फबोर्ड हाय. ह्याच्यावर उभं राहून लाटंवरनं यायचं."

म्हसवडात! माण तालुक्यात! जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथली पोरगी लाटेवर उभी राहते! मी हसलो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की हसू तिथंच मिटलं.

तिचे वडील फौजेत. दक्षिणेकडं समुद्राकाठी पोस्टिंग होती, तिथं ही शिकली. वडील रिटायर झाले, सगळे गावी परतले. निघताना तिथल्या कोचनं आपली फळी तिला देऊन टाकली. ती जनावरांच्या छपरात टेकवून ठेवलेली. एक दिवस चुलत्यानं पाइपलाइनसाठी चरी खणली आणि पलीकडं मोटारसायकल न्यायची म्हणून चरीवर ही फळी टाकली!

कडाड्!

पोरगी बोंबलत धावली. चुलते गाडीसकट चरीत. तिथनंच वर बघून म्हणतात, "समुद्र पेलती म्हणत हुतीस, आन् एक मोटारसायकल पेलंना व्हय गं?"

*

आता खरी अडचण ऐका. आठ दिवसांवर स्पर्धा होती, कर्नाटकच्या किनाऱ्यावर. तिनं नाव नोंदवलेलं. पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्यानं फोटो बघून कळवलं होतं, "टाकून द्या, नवीन घ्या." नवीन घेण्याची ऐपत नव्हती. आणि घरातले सगळे ती हे कधी सोडते याचीच वाट बघत होते.

"ह्या वक्ताला न्हाई गेले, तर म्हणतील झाली हौस," ती म्हणाली. "परत मला कोण सोडणार न्हाई, काका. फळी मेली की मी बी गेलेच त्यातनं."

आण्णांनी चष्मा पुसला. मिस्त्री भडकले ते वेगळ्याच गोष्टीवर. "फोटो बघून सांगितलं? हात न लावता? अरं, म्हशीचा डाक्टर तरी गोठ्यात येतो की रं!"

मी म्हणालो, "आण्णा, आपण ही वस्तू कधी केलेली नाही, हे होणार ना..."

"दूध कमी घाल," आण्णा म्हणाले. "पोरीलाबी एक कप कर."

*

आता माझी चूक. लपवत नाही.

पोरगी म्हणाली, आत फोम आहे. आम्ही म्हणालो, फोम तर आम्ही रोज बघतो. बोटीच्या सीटखाली घालतो तो पिवळा फोम. तिला जेवायला पाठवलं. मी चीर मोकळी केली, फायबर चिकटवायचं आपलं नेहमीचं रेझीन कालवलं, ते घट्ट करणारा हार्डनर घातला आणि चांगला हात मोकळा सोडून ओतलं. वीस वर्षं तेच करतोय!

आधी बारीक चर्र आवाज आला. मग वास. मग माझ्या डोळ्यांदेखत फळीचं पोट खचायला लागलं. गरम तव्यावर लोणी टाकावं तसं. मिस्त्री ओरडले, "दिल्या, काढ, काढ!" काय काढू? आत जेवणाच्या डब्याएवढा खड्डा पडला होता!

आतला फोम आमचा नव्हताच. थर्माकोल होता तो. आमचं रेझीन थर्माकोलला खातं, हे शॉपमधल्या कुत्र्यालाही माहीत. पण पांढरं पत्र्यासारखं कवच बघून आत थर्माकोल असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

ती जेवून आली. खड्ड्यापाशी उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. मला स्वतःलाच रडू येत होतं, खरं सांगतो. बॉनेट बिघडलं तर दुसरं करता येतं. इथं एका पोरीचं सगळं मी माझ्या हातानं विरघळवून टाकलं होतं.

तिनं दप्तर खाली ठेवलं. ओढणी कमरेला खोचली.

"काका, ब्लेड द्या. जळालेलं सगळं कापून काढू. आन् ऐका, फळी उभी राहिल्याबिगर मी म्हसवडला जाणार न्हाई. माझी झोपायची सोय बघा!"

ती सात दिवस आण्णांच्या घरी राहिली.

*

चांगला घट्ट थर्माकोल आणायचा कुठून? सजावटीचा तो भुसभुशीत कामाचा नाही. तासगावकडं बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम निघालं होतं. भिंतीतल्या थर्माकोलच्या जुन्या जाड पाट्या बाहेर टाकलेल्या. आण्णा जाऊन त्यातली एक घेऊन आले. दोन दिवस शॉपला बेदाण्याचा वास.

चिकटवायला इपॉक्सी, म्हणजे वेगळ्या जातीचं रेझीन. ते थर्माकोलला काही करत नाही, पण त्याचं एक आहे. एकदा कालवलं की घट्ट व्हायला लागतं, मग थांबायचं नाही. आता आण्णांचा नेम असा की सूर्य मावळायच्या आत जेवण. पंचवीस वर्षांत चुकलेला नाही. त्या दिवशी जोडावर काचेचं कापड बसवता बसवता ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरायला लागलं. आण्णांच्या घरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन. पुन्हा फोन. तिसऱ्यांदा त्या स्वतः डबा घेऊन दारात उभ्या.

"आवं, दिवस चालला! दोन घास खा की!"

आण्णांनी ब्रश खाली ठेवला नाही. "मी उद्या जेवतो. हे उद्यापर्यंत थांबत न्हाई."

काकू आत आल्या. डबा बाजूला ठेवला, पदर खोचला आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं. जेवल्या त्याही नाहीत.

*

मग भांडण. मिस्त्रींना वरून त्या कापडाचे सात थर हवे होते.

"बॉनेटला चार घालतो. हितं तर पोरीचा जीव. सात!"

"दोन," अश्विनी म्हणाली.

"अगं, तुटंल!"

"तुटली तर परत घिऊन येईन. जड झाली तर मीच परत यायची न्हाई!"

मिस्त्री अर्धा तास डबे आपटत फिरले. मग मुकाट दोन थर घातले. तिसरा कात्रीनं कापून तयार ठेवला होता, तो रागानं खिशात कोंबला.

*

सहाव्या दिवशी कृष्णेवर चाचणी. पुरासाठी केलेली नवी मोटरबोट आम्हाला पाण्यात घालायचीच होती. तिला मागं दोर बांधला, दोराला पोरगी.

घाटावर होड्यांच्या शर्यतीवाले सराव करत होते. ते वल्ही टाकून बघत बसले. त्यांच्यातला एक आडदांड मिशीवाला ओरडला, "ए पोरी, नदीत मगरी हायत्या! पडलीस म्हंजे?"

"म्हंजे पडायचं न्हाई, एवढंच की!"

सगळा घाट खिदळला. मिशीवाल्याला झोंबलं. "त्या फळीवर उभी राहिलीस तर ही मिशी उतरवतो!"

आण्णांनी बोट सोडली. पोरगी पोटावर होती. मग गुडघ्यावर. मग उभी! घाटापासून पुलापर्यंत उभी, आणि वळून परत येतानाही उभी. मी काठावर चपला हातात घेऊन धावत होतो, का ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी एक माणूस शॉपच्या दारात आला. तोंडाला रुमाल. आम्ही ओळखलंच नाही.

"त्या पोरीला इचारा," रुमालाआडून म्हणाला, "आमच्या होडीत एक जागा मोकळी हाय. येती का?"

*

आणि आता हा शेवटचा.

आण्णांच्या पिकअपमधून आम्ही तिघंही गेलो स्पर्धेला. मिस्त्रींनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघितला. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढं पाणी कशाला लागतंय?" आणि पाण्यापासून पन्नास पावलं लांब बसले. पाय भिजवणार नाही म्हणजे नाही.

बाकीच्या पोरींच्या फळ्या चकचकीत, रंगीत. आमची पांढरी, मधे पिवळट डाग. माइकवाल्यानं नाव पुकारलं, गाव पुकारताना अडखळला. "म्हस... म्हस..." मी बसल्या जागेवरून ओरडलो, "म्हसवड! तालुका माण!" त्या किनाऱ्यावर कुणाला कळलं नसेल. मला ओरडायचं होतं.

पहिली फेरी निघाली. दुसरीही निघाली. तिसऱ्या फेरीत ती एका मोठ्या लाटेवर उभी राहिली, लाट डोक्यावरून वळली आणि पोरगी दिसेनाशी झाली. आण्णा पुटपुटायला लागले. मग फेसातून ती बाहेर आली. उभीच! किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. फायनलमध्ये नाव लागलं.

पण ती पाण्यातून चालत येताना फळी दोन्ही हातांनी कवटाळून धरत होती. मी ओळखलं. फळी पुन्हा गेली होती. माझाच खड्डा, माझंच काम!

पन्नास पावलं लांब बसलेले मिस्त्री धोतरासकट समुद्रात शिरले. कमरेएवढ्या पाण्यात तिला गाठलं, फळी पालथी केली आणि बोट फिरवलं. आमचा जोड, आमचे दोन थर, बेदाण्याचा थर्माकोल, सगळं जागच्या जागी. चीर पडली होती ती वीतभर पुढं, टोकाकडं, जिथं आम्ही हातही लावला नव्हता.

मिस्त्रींनी मान वर केली. लाट येऊन छातीवर आदळली तरी हलले नाहीत.

"हे कंपनीचं हाय! आमचं न्हाई!"

तेवढ्यात एक पोरगा कागद घेऊन धावत आला. उद्या दुपारी फायनल आहे, बोर्ड तुटलाय, नाव काढायचं का, असं विचारत होता.

अश्विनीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तोंडावरचं खारं पाणी पुसलं, फळी मिस्त्रींच्या हातात दिली आणि म्हणाली,

"काका, मग कंपनीचं बी आता आपलंच करा."