सातवा स्वार

शाहू महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. कोल्हापुरात तालमीमागच्या गल्लीत सुलतानबी नावाची एक विधवा राहायची. नवरा खोगिरं शिवायचा. तो गेल्यावर दाभण तिनं हातात घेतलं. बाई तोंडानं फटकळ, पण कामाला चोख, म्हणून पागेतली माणसंही तिच्याकडंच येत.

त्या साली कुठंतरी बाँब सापडल्याची बातमी पसरली होती. साध्या वेषातले पोलीस गावात फिरतात अशी कुजबुज होती. पारावर बोलता बोलता माणसं मागं वळून बघत. तरीही वैशाखातली शिवजयंती थाटात करायची, असं गल्लीनं ठरवलं. तालमीचे आकाराम वस्ताद पुढं झाले. पन्हाळ्याचा पोवाडा, दांडपट्टा आणि शेवटी नेसरीच्या खिंडीत गनिमावर तुटून पडलेल्या सात वीरांचं सोंग, तेही खऱ्या घोड्यांवर. घोड्यांच्या झुली सुलतानबीनं शिवायच्या होत्या.

त्याच सुमाराला पिराजी तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात भाड्यानं राहायला आला. पागेत चाकरी मिळते का बघायला नेसरीहून आलोय, म्हणाला. सोंग आमच्या गावचं, तर मलाबी घोड्यावर बसवा, असं म्हणून त्यानं वस्तादांकडून सातव्या स्वाराची जागा मागून घेतली.

माणूस गरीब वाटला, पण विचारायचा फार. मिरवणूक कुठनं निघणार, कुठल्या वळणावर थांबणार, घरासमोर येईतो दिवस मावळेल का. चाकरी शोधणाऱ्याला हे कशाला हवं? तो बाहेर गेला की सुलतानबी दारात उभी राहून तो कुणाशी बोलतो ते बघायची. एकदा तो पोलीस चावडीच्या बाजूनं येताना दिसला, आणि हा पोलिसांचाच माणूस अशी तिची खात्री पटली.

तिनं वस्तादांना घरी बोलावून सगळं सांगितलं. बोलण्याच्या ओघात, सासऱ्याची जुनी तलवार माळ्यावर खोगिराखालच्या नमद्यात गुंडाळून ठेवलीय, सोंगाला हवी तर न्या, असंही ती म्हणाली. वस्ताद म्हणाले, नको, परवान्याची भानगड हुईल, लाकडाच्याच बऱ्या. पिराजीचं मात्र बघतो.

जयंतीच्या सकाळी तालमीतल्या चौघांनी पिराजीचं बोचकं रस्त्यावर फेकलं. सुलतानबीकडं एकदा बघून त्यानं बोचकं खांद्यावर टाकलं आणि चालू लागला.

दिवस कलताना दाराशी एक बैलगाडी थांबली. काठी टेकत एक म्हातारी उतरली. नाव धोंडुबाई, पिराजीची आई. डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेला.

"पिराजीनं सांगावा धाडलावता," ती म्हणाली. "घोडी ह्या दारावरनं जात्यात म्हणं. उजेड हाय तवर आली तर मला दिसंल की."

सुलतानबीनं म्हातारीला कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं.

संध्याकाळच्या उजेडात हलगी कडाडली, गुलाल उधळला, आणि सात घोडी गल्लीत शिरली. शेवटच्या घोड्यावर वस्ताद स्वतः होते, फेट्याचा शेमला तोंडावरून घेतलेला.

"त्योच न्हवं का माझा, शेवटचा?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय," सुलतानबी म्हणाली.

धोंडुबाईनं त्या स्वाराकडं हात करून कानशिलावर बोटं मोडली. गाडीवान घाई करत होता. समाधानानं ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. त्यांनी घर धुंडाळलं नाही, काही विचारलंही नाही. सरळ शिडी लावून माळ्यावर चढले आणि नमद्याची गुंडाळी घेऊन खाली उतरले. तिला चावडीवर बसवून ठेवलं आणि सांज व्हायच्या सुमाराला, दम भरून, सोडलं.

तलवारीचं तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं. पिराजीनं तर आतलं घरही बघितलं नव्हतं.

तिनं शेजारी दोघीतिघींना हे सांगून पाहिलं. वस्तादांवर आळ घेतेस, म्हणून त्यांनी तिलाच गप्प केलं. एकीनं तर, म्हातारीचा पोरगा खरंच पोलिसांचा नव्हता कशावरनं, असं विचारलं. रात्री पडल्या पडल्या सुलतानबीलाही तसं वाटून जाई. मग काठी टेकत उतरणारी धोंडुबाई डोळ्यांसमोर येई, आणि तिला स्वतःचाच राग येई.

पाऊस लागायच्या आत ती नेसरीला गेली. पिराजी शेतात ढेकळं फोडत होता. तिनं हात जोडून सगळं सांगितलं.

"मला आधी इचारलं असतं, तर सांगितलं असतं की, मावशी," तो म्हणाला. "आता आईला कायबी सांगू नगासा. तिनं बघितलंय मला."

घरात धोंडुबाईनं तिला पोटभर जेवू घातलं आणि पुन्हा पुन्हा त्या सातव्या घोड्याचं वर्णन केलं. सुलतानबी मान हलवत राहिली.

परतली तेव्हा वस्ताद तालमीच्या दारात बसले होते. कुठं गेलता, म्हणून त्यांनी मायेनं विचारलं.

"हातकणंगल्याला, पाव्हण्यांकडं," ती म्हणाली आणि घरात जाऊन आतनं कडी घातली.