कासाबाईचे दोन दात

बोरीच्या कासाबाईला एडक्यानं धडक दिली आणि तिचे वरचे पुढचे दोन दात गेले. एक जागेवरच पडला, दुसरा तालुक्याच्या दवाखान्यात काढावा लागला. वय साठीकडं झुकलेलं. घरच्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं. पोरगा बिरदेव म्हणाला, "माय, आता तोंडाला पदर लाव. झालं."

"पदर डोक्यावर घ्यायचा असतो, तोंडावर न्हाई," कासाबाई म्हणाली.

ती तशीच होती. नवरा मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी दूर गेला की मागची शेळ्या-करडं, बाजार, भांडणतंटा सगळं तिच्याच अंगावर. तिच्याशी घासाघीस करताना भलेभले व्यापारी बिचकायचे. आता मात्र ती बोलली की फस्सकन हवा जायची आणि समोरचा हसायचा. हसणाऱ्याला ती सोडायची नाही, पण जिवाला लागायचं.

आधी तिनं काढघालीची कवळी करून पाहिली. एक दिवस पांगलेल्या शेळ्यांना जोरात हाळी दिली, तर कवळी उडून धुळीत पडली. सून शीला तोंड फिरवून हसली. कासाबाईनं कवळी उचलून डब्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं परभणीला गेली. शेळ्या तिच्या स्वतःच्या होत्या. पैशासाठी कुणाचं तोंड बघायची गरज नव्हती.

दातांच्या डॉक्टर उत्तराबाईंनी एक्स-रे काढला. "मावशी, दाताचं मूळ गेलं की तिथलं हाड हळूहळू झिजतं. शेजारचे दातही मोकळ्या जागेकडं कलायला लागतात. हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवला, की तो मुळाचं काम करतो. हाड त्याला धरून ठेवतं आणि वर पक्का दात बसवता येतो."

"मग बसवा की."

"आज नाही. हिरड्यांतून रक्त येतंय. मिसरी लावता ना? तंबाखूनं जखम लवकर भरत नाही, स्क्रू हाडात धरत नाही. मिसरी सुटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

कासाबाई ताडकन उठली. "मी दात मागायला आले, मिसरी सोडायला न्हाई!"

घरी हे ऐकून बिरदेवला हसू आवरेना. "तू मिसरी सोडणार? एक वेळ एडका भाकरी थापायला बसंल!"

तेच तिला झोंबलं. तिनं मिसरीची डबी त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत रिकामी केली.

पुढचे दिवस घराला जड गेले. तिचं डोकं ठणकायचं. सुनेवर, कुत्र्यावर, उन्हावर ती डाफरायची. एकदा शेजारणीच्या डबीतली चिमूट बोटावर घेतलीसुद्धा. तेवढ्यात बिरदेव दिसला. हात झटकून म्हणाली, "काय बघायलास? शेळ्या बघ."

काही महिन्यांनी ती परत गेली. उत्तराबाईंनी हिरडी दाबून पाहिली. रक्त आलं नाही. "खरंच सोडलीत?"

"तुमाला खोटं वाटायलंय का?"

स्क्रू बसले, पण हाडानं ते धरेपर्यंत थांबणं आलं. गाव म्हणायचं, "खिळे ठोकून घेतले, दात कुठंयत?" कासाबाई त्यांना शिव्या घालायची, पण मऊ ब्रश आणि डॉक्टरची तारीख तिनं कधी चुकवली नाही.

शेवटी दात बसले. "हे किडत नाहीत," उत्तराबाई म्हणाल्या, "पण हिरडी सुजली तर हाड त्यांना सोडतं. तपासायला येत जा."

पुढच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं टोमणा मारला, "म्हातारे, या वयात नवे दात? लगीन करायचं का?"

"करीन न्हाईतर कुनाचं मोडीन, तुला काय करायचंय? बोकड पायजे तर भाव बोल, न्हाईतर वाट मोकळी कर."

माणूस मुकाट्यानं भाव बोलला.

त्या संध्याकाळी शीला हळूच जवळ आली. "आत्याबाई, माजी दाढ लय दिवसांपासून ठणकायलीय."

बिरदेव आतून म्हणाला, "दाढच हाय, काढून टाकू."

"तुजी काढते आदी, मग तिची बघू!" कासाबाई कडाडली. मग सुनेकडं वळून म्हणाली, "वाचवता येत असंल तर वाचवायची. सकाळची गाडी धरू. मी हाय संगं."