दहाव्याचे मावसाजी

आमच्या मावसाजींइतका मेलेल्या माणसांचा गोतावळा अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नसेल, आणि जिवंत माणसांशी इतकं कमी बोलणाराही दुसरा सापडायचा नाही. माझ्या सख्ख्या मावशीचे हे यजमान. जन्मभर बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, नातवंडांना लागतात. हे कावळ्यांना लागले. मेहकरच्या आसपास कुठेही दहाव्याला पिंड मांडला, कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले आणि खाली उतरेनात, की कोणीतरी मोटरसायकल पिटाळायचं आणि मावसाजींना मागे बसवून नदीवर आणायचं. गेलेल्याची कोणती इच्छा अडकली आहे ते त्याच्याशीच बोलून सोडवायचं, हे यांचं काम. कंटाळलेल्या गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, की मावसाजी त्यांच्याकडे विनातिकीट माणसाकडे बघावं तसे बघत.

बोलणंही कंडक्टरचंच. डोळे मिटणं नाही, मंत्र पुटपुटणं नाही. पिंडासमोर उकिडवं बसायचं आणि खणखणीत आवाजात विचारायचं, "बोला बाप्पा, काय राह्यलं तुमचं? लवकर सांगा, लोकं उपाशी हायेत." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हबकलोच. सुतकातल्या माणसांसमोर असं बोलतात का? पण घरच्यांना राग येत नसे. मुलगा बिचारा हात जोडून म्हणे, "बापू, आमी सगळं नीट करतो, तुमी जा." तर मावसाजी त्याच्यावरच डाफरत, "सगळं म्हंजे काय बे? कोऱ्या शब्दावर कावळा येत नाई. वस्तू दाखव." मग कोणी म्हाताऱ्याची अर्धी राहिलेली तंबाखूची पुडी पिंडाजवळ ठेवायचा, तर कोणी विकायला काढलेली म्हैस दोरीसकट नदीवर हजर करायचा. म्हैस पाहून कावळा उतरलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, खोटं सांगून मला काही मिळायचं नाही.

उंद्रीचा प्रसंग आठवला तर मात्र अजून घाम फुटतो. तिथले एक बडे शेतकरी गेले होते. माळकरी, मानाचे, ज्यांच्यासमोर गाव विडी लपवायचं असे. कावळे काही उतरेनात. पोरांनी जमिनीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची वचनं देऊन झाली. मी मावसाजींना गाडीवरून घेऊन गेलो होतो. त्यांनी पिंडाकडे पाहिलंही नाही. दूर बाभळीखाली तोंडावर पदर घेऊन एक बाई एकटीच उभी होती. तिच्याकडे बोट करून ते साऱ्या सोयऱ्यांसमोर म्हणाले, "तिले म्होरं येऊ द्या. पिंपळगाव राजा गावची हाये. याईचा जीव तिच्यात अडकला."

मी गाडीची किल्ली चाचपली. थोरला मुलगा मूठ आवळून पुढे झाला, आणि आता आमच्या दोघांचाही दहावा इथेच होतो असं मी धरून चाललो. तेवढ्यात त्या शेतकऱ्याची म्हातारी बायको शांतपणे म्हणाली, "येऊ दे रे तिले. दर सोमवारी दोघाईचा डब्बा मीच तं भरून देत होती." ती बाई आली, नमस्कार करून रडली, आणि कावळा उतरला.

परतताना मी विचारलं, "मावसाजी, तुमाले कसं समजलं?" म्हणाले, "दर सोमवारी माह्याच बसनं जात होते ना ते. उतरले का ही उभी राहे." म्हणजे तिकिटं फाडता फाडता यांनी सगळ्या तालुक्याची मनं वाचून ठेवलेली. एक मन तेवढं राहिलं होतं, ते यांच्या घरातलं.

कारण उंद्रीची ही हकिगत मावशीला मी सांगितली. यांनी घरी येऊन "शिवला" एवढंच सांगितलं होतं आणि जेवायला बसले होते. मावशी खोदून खोदून विचारायची, "काय झालं ते सांगा ना हो." हे म्हणायचे, "पाहू." ओसरीत बंगई टांगा, आमच्याकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात, हे ती लग्न झाल्यापासून सांगत होती. "संध्याकाळी दोघं बसू, बोलू." त्यालाही उत्तर "पाहू". मावशी मग माझ्याकडे बघून हसायची. "मेलेल्याईसंगं तास तास बोलतात, जित्या बायकोसंगं बोलाले जिवावर येते. पाह्यजो तू, मी गेली का यायले तोंडच उघडू देत नाई."

गेल्या थंडीत मावशी झोपेतच गेली. दहाव्याच्या आदल्या दिवशी मावसाजी दुकानात आले. "बंगईची साखळी दे. मजबूत पाह्यजे. आन् कड्या." मी सगळ्यात जाड साखळी काढून दिली. मला कळलं, उद्या ते तिला वस्तू दाखवणार होते. जन्मभर नाही बोलले ते सगळं उद्या बोलणार होते.

नदीवर साखळीची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती. गुरुजींनी पिंड मांडला आणि मागे सरले. मावसाजी पुढे होऊन उकिडवे बसले, खाकरले, पिशवीची गाठ सोडू लागले. गाठ सुटायच्या आत कावळा आला, पिंडाला शिवला आणि उडाला.

"भाग्याची बाई, काई इच्छा नाई राह्यली," असं म्हणत लोक उठले, चपला शोधू लागले. मावसाजी तोंड उघडं ठेवून तसेच बसले होते. "थांब ना," ते कावळ्याच्या दिशेने म्हणाले. "म्या अजून काई बोललोच नाई." मग माझ्याकडे वळले. इतका घाबरलेला त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "काईच नोतं का बे तिले मागाचं?"

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

आता ते दहाव्यांना जात नाहीत. मोटरसायकल दारात आली की हात हलवून परत पाठवतात. बंगई ओसरीत टांगली आहे. परवा संध्याकाळी गेलो तर ते एका कडेला बसून बोलत होते. मी मोकळ्या बाजूला टेकायला गेलो तर हळूच म्हणाले, "खुर्ची घे बाप्पा, आमचं बोलनं चालू हाये."

मी खुर्ची घेतली. ते उंद्रीची गोष्ट सांगत होते, अगदी पहिल्यापासून, आणि पायाने बंगईला हलका झोका देत होते.