वामनची काच

वेल्डिंगच्या शेडमध्ये सळ्यांची थोटकं साठतात, तसे किस्सेही साठतात. थोटकं भंगारात जातात. किस्से जात नाहीत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. घाटकोपरला बाबूरावांच्या शेडमध्ये आम्ही दोघे वेल्डर होतो. मी आणि मालवणचा वामन सावंत. त्याच्या हातचा जोड बघायला विक्रोळीच्या कारखान्यातले लोक यायचे.

तेव्हा तोंडापुढे हातात धरायची, काच बसवलेली ढाल होती. एक हात ढालीत अडकला की जोडायचा जॉब धरायला हात उरत नसे. वामन ढाल बाजूला ठेवायचा आणि ठिणगी पेटताना डोळे मिटायचा. मी त्याला झापलं.

"शिंकताना डोळे मिटतंस मां रे? तसाच ह्या," म्हणाला.

*

डोळे सुजले की आमचं औषध एकच, बटाट्याच्या चकत्या. त्या डोळ्यांवर ठेवून पडून राहायचं. वामनची बायको एकदा शेडवर येऊन बाबूरावांना म्हणाली, "बटाटे ह्यांच्या डोळ्यांर. मग पोरांच्या पानात काय वाढू?"



*

पुढच्याच आठवड्यात बाबूरावांनी डोक्यावर घालायची हेल्मेटं आणली. दोन्ही हात मोकळे. काचा वेगळ्या खोक्यात यायच्या, आपापली निवडून बसवायची. काच निवडायची आमची रीत ठरलेली. भर दुपारी अंगणात उभं राहून तिच्यातून सूर्य बघायचा. चंद्रासारखा थंड दिसला, तर काच बरी. मी तशीच घेतली.

वामनने सगळ्यांत फिकी उचलली. "डोळे घालवशील," मी म्हणालो.

"माका जोड बघूचो आसा. सूर्याक वेल्डिंग करूचा नाय हा."

सगळे हसले. मी हसलो नाही, पण काच त्याच्या हातातून काढूनही घेतली नाही.

*

वर्षा-दोन वर्षांत ती काचही त्याला काळी वाटू लागली. धूर बसला म्हणून घासायचा. दुकानदाराला शिव्या द्यायचा. जोड वाकडे येऊ लागले. गिऱ्हाईक बोललं, की वामन काचेवर ढकलायचा. आम्हीही काचेलाच दोष दिला. असा कारागीर चुकेल, हे कोणाच्या मनात येणार?

"आता नवं हेल्मेट आणतो," बाबूराव म्हणाले. "त्यात जमलं नाही तर मात्र वामन, घरी बस."

*

हेल्मेट आलं. वामनने ते लगेच डोक्यावर चढवलं, अंगणात गेला आणि रीतीप्रमाणे भर दुपारच्या सूर्याकडे मान वर केली.

"बाबूरावानू, ही पण काळीच. सूर्य दिसणाच नाय. दुसरी काच बसवा."

बाबूराव त्याच्यासमोरच उभे होते. काचांचं खोकं त्यांच्या हातात होतं. त्याची सुतळी अजून सोडायची होती.