उधईनं सोडलेला कागद

सुधाकर गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्याशी खोटं बोललो.

आज वर्ष झालं. आज सांगता येतंय.

सुधाकर चित्रकार. राहणार सोनाळा. त्याची चित्रं वाळवी काढायची. आमच्याकडे तिला उधई म्हणतात.

गोठ्यात बूड कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत पुरलेला असे. त्यात खळ लावलेला जाड कागद. उधई खालून यायची, खात जायची. उरेल ते चित्र.

गाव म्हणायचं, "सारं जग उधई मारून राह्यलं, अन् हा पोसून राह्यला!"

मुंबईच्या गॅलरीत तेच कागद काचेमागे लागले. खाली नाव : उधई आणि सुधाकर. याच क्रमानं.

त्याचं काम एवढंच, की कागद कधी काढायचा ते ठरवणं.
लवकर काढला तर चार भोकं. उशीर झाला तर माती.

अकोल्याला अ‍ॅडमिट झाला तेव्हा डब्यात एक कागद होता. "गुरुवारी काढजो," त्यानं मला सांगितलं.

रक्त, रिपोर्ट, धावपळ. गुरुवार गेला. मी सोनाळ्याला गेलोच नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यानं डोळे उघडले.

"काढला काय बे कागद?"
"हाव."
"किती राह्यला?"
"अर्धा."
"मंग जमलं."

आणि तो झोपला. कितीतरी दिवसांनी, न कण्हता.

त्याची बायको, वंदनावहिनी, उशाशी बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर वर्षभर मी त्या गोठ्याकडे फिरकलो नाही. डब्यात माती असणार, हे मला माहीत होतं. ती बघायची नव्हती.

आज सकाळी वहिनींनीच कुलूप काढलं.

"भाऊ, एक सांगू काय? रागावू नका."
"बोला."
"त्या शुक्रवारी मी कपडे घ्याले घरी आली होती. पाहते तं गोठ्याच्या चौकटीले उधई. दवाई टाकली. हात चालूच होता, डब्यातही ओतली. मंग ध्यानात आलं. त्यायचं काम मीच मारलं. वर्षभर झाकण उघडाची हिंमत नाही झाली."

मी झाकण उचललं.

कागद होता.

एका कडेला औषधाचा पिवळा डाग. बाकी उधईच्या वाटा, वाळलेल्या, जिथल्या तिथे थांबलेल्या. शुक्रवारी.

मी तो अलगद बाहेर काढला.

वहिनी वाकून बघत होत्या. "तुम्ही अर्धा सांगतला होता. हा तं पाऊण हाये."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"
"चावी माह्यापाशी होती ना, भाऊ."
"मग तेव्हा बोलल्या का नाही?"
"तुम्ही सांगतलं अन् ते निजले. काऊन बोलू?"

कागद आता माझ्या टेबलावर आहे. खाली दोन नावं घालायची आहेत. वहिनी म्हणतात, त्यांचं तिसरं नको.

सुधाकर, कागद काढला.
पाऊण आहे.
नीज.