हात लागला होता का?

अड्याळला एका पेनल्टीवर फुटबॉलचा सामना हरून आमची टीम एस.टी.नं भंडाऱ्याला परतत होती. ऐंशी सालाच्या आसपासचे थंडीचे दिवस. माझ्या शेजारचा प्रवासी डोक्याला, कानांना, हनुवटीला दुपट्टा गुंडाळून बसला होता. दिसत होतं ते फक्त नाक. रेफरीला मात्र तो आमच्याहून सरस शिव्या देत होता.

"आंधळा होता तो, आंधळा! पण तुमी अकराही जण त्या बॉलच्या मांगं काहून धावून राहिले होते? धान कापाले निंगाले होते का?"

आम्ही हसलो. आपल्या बाजूनं शिव्या देणाऱ्याचं एवढं ऐकावंच लागतं. त्याच्याशी खोटंही बोलवत नाही.

बॉल हाताला लागला म्हणून ज्याच्यावर पेनल्टी दिली होती, तो आमचा बॅक पुढच्याच सीटवर होता. त्याला त्यानं मायेनं विचारलं, "खरं सांग बाबू, हात लागला होता का?"

"लागला ना जी! पण त्या रेफरीले कायले दिसाले पायजे?"

तो समाधानानं मान डोलवत राहिला. भंडाऱ्याच्या अलीकडे कारध्याला उतरला, दुपट्टा सोडला, खिशातून शिट्टी काढली आणि खणखणीत वाजवली. खिडकीतून पाहतो तर रेफरीच!

आमच्या बॅकनं सवयीनं दोन्ही हात वर केले, "नाही लागला जी!"